अपेक्षित पगाराचा आकडा आणायचा कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांना डेटा विश्लेषणाचा सात वर्षांचा अनुभव आहे. सध्याच्या कंपनीत येताना ‘अपेक्षा किती?’ असं विचारल्यावर त्यांनी एक आकडा सांगितला, समोरून लगेच ‘चालेल’ आलं, आणि रुजू झाल्यावर कळलं की तेवढ्याच अनुभवाच्या सहकाऱ्याला बराच जास्त पगार आहे. आता पुन्हा नोकरी शोधणं सुरू आहे. ऑनलाइन अर्जात ‘अपेक्षित पगार’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि रिक्रूटरचा पहिला फोन दोन मिनिटांत तिथेच येऊन थांबतो. त्यांना विचारायचंय की आकडा सांगावा की टाळावा. शिवाय एका ठिकाणी घाईघाईत सध्याच्या पगारावर 20 टक्के लावून रकाना भरून टाकलाय, त्याचं आता काय करायचं?

मी बरीच वर्षं भरतीच्या बाजूला होते, म्हणजे ‘अपेक्षा किती?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकीच एक. आता उमेदवारांची मुलाखतीची तयारी करून घेते. तुमचा प्रश्न वाचताना मी अडखळले ती ‘20 टक्के’ या शब्दांपाशी. सांगावं की टाळावं हा मुद्दा त्याच्या नंतर येतो.

सध्याच्या पगारावर अमुक टक्के, हा हिशेब इतका अंगवळणी पडलाय की त्याबद्दल कुणाला शंकाच येत नाही. पण त्यातून जो आकडा निघतो तो तुमच्या जुन्या पगाराबद्दल सांगतो, नव्या कामाबद्दल अवाक्षर काढत नाही. जुना पगार मुळात कमी असेल तर ती तूट तशीच पुढच्या नोकरीत जाते, आणि तिथून त्याच्याही पुढच्या. मागच्या वेळी ‘चालेल’ इतक्या पटकन आलं, कारण तुमचा आकडा बहुधा त्यांच्या बजेटच्या खालच्या टोकाला किंवा त्याच्याही खाली होता. तेव्हा तुम्ही आकडा टाळला असता, त्यांनी ‘बरं, सध्याचा पगार सांगा’ म्हटलं असतं आणि त्यावर टक्के लावून ऑफर दिली असती, तरी गोष्ट तिथेच येऊन थांबली असती. म्हणून आधी आकडा कुठून आणायचा ते बघू, कधी सांगायचा ते मग.

त्यासाठी कंपनीच्या आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या. पद भरायचं ठरतं तेव्हा त्याला मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरीत पगाराचा पट्टा असतो, ज्याला आम्ही बँड म्हणतो. जरा मोठ्या कंपन्यांमध्ये हा बँड पदाच्या पातळीनुसार आधीच ठरलेला असतो. आकडे कळायला सोपे जावेत म्हणून तुमचा सध्याचा पगार 100 धरू. समजा, तुम्ही अर्ज केलेल्या पदाचा बँड 115 ते 165 आहे. रिक्रूटरला सांगितलेलं असतं की 140 पर्यंत तुम्ही ठरवा, त्यापुढे गेलात तर आधी विचारा. अगदी 165 ला सहसा कुणाला घेत नाहीत, कारण मग त्या माणसाला पुढची पगारवाढ द्यायला बँडमध्ये जागाच उरत नाही. शिवाय टीममधले आधीचे लोक कितीवर आहेत, हेही पाहिलं जातं. तुमच्याइतक्याच अनुभवाचे तिघं 135 च्या आसपास असतील तर तुम्हाला 155 देणं बजेटमध्ये बसूनही अवघड जातं, कारण उद्या ते तिघं दारात उभे राहतात.

आता या चित्रात तुमचा 120 आला. रिक्रूटरच्या दृष्टीने प्रश्न सुटला, पुढचा फोन करायला ती मोकळी. नीट चालवलेल्या कंपनीत कुणीतरी म्हणतं की बाकीचे 135 वर आहेत, हिला 120 वर घेतलं तर वर्षभरात सोडून जाईल, आपणच 130 देऊ. असं होतं, मी स्वतः केलेलंही आहे. पण ते समोरच्याच्या शहाणपणावर अवलंबून आहे, आणि तुम्ही त्याच्या भरवशावर राहू नये. उलट बाजूही सांगते. 180 सांगितले असते तर तुम्ही वाईट उमेदवार ठरला नसता. फक्त फोन तिथेच संपला असता. रिक्रूटर हा प्रश्न विचारते त्याचं बऱ्याचदा साधं कारण हेच असतं, चार फेऱ्या झाल्यावर ‘हे मला परवडणार नाही’ असं ऐकायला तिला नको असतं. तिच्या प्रश्नामागे दरवेळी डाव असतो असं धरून बोललात तर आवाजात ते उतरतं, आणि त्याने तुमचंच काम अवघड होतं.

तर आकडा पदाच्या बाजूने काढायचा. हे पद, या पातळीवर, या प्रकारच्या कंपनीत, या शहरात कितीला भरलं जातं? उत्तर मिळवायला तीन-चार वाटा आहेत आणि सगळ्या सारख्या भरवशाच्या नाहीत.

सगळ्यात सरळ वाट जाहिरातीची. काही ठिकाणी आता जाहिरातीत पगाराची रेंज देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात 2021 पासून, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये 2023 च्या जानेवारीपासून, न्यूयॉर्क राज्यात त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून. कंपनी लहान असेल तर यातून काही ठिकाणी सूट आहे. युरोपीय संघाने 2023 मध्ये पगार-पारदर्शकतेचा निर्देश काढला. उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा त्याची रेंज वेळेत, म्हणजे पगाराची बोलणी सुरू होण्याआधी, कळली पाहिजे असं त्यात आहे, आणि सदस्य देशांना आपापले कायदे करायला 7 जून 2026 ही मुदत दिली होती. तुम्ही अर्ज करताय तिथे असा नियम नसला, पण कंपनी अनेक देशांत पसरलेली असली, तर तिच्या दुसरीकडच्या जाहिराती जरूर वाचा. त्यातली रक्कम चलन बदलून आपल्याला लावायची नाही, तो हिशेब साफ चुकतो. बघायचं ते पातळ्यांमधलं अंतर. ‘विश्लेषक’ आणि ‘वरिष्ठ विश्लेषक’ यांच्यात त्यांच्याकडे 15 टक्क्यांचा फरक आहे की 40 चा, आणि तुमचं काम कोणत्या वर्णनाशी जुळतं, ते त्यावरून कळतं.

दुसरी वाट पगार सांगणाऱ्या वेबसाइटांची. तिथली माहिती लोकांनी स्वतः भरलेली असते. कुणी ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा, लिहितं, कुणी हातात येणारा, कुणी बोनस धरून. पदांची नावं सारखी असली तरी कामं वेगळी असतात. दिशा कळायला ठीक, पण त्या सरासरीवर बोट ठेवून ‘बाजारभाव हा आहे’ असं रिक्रूटरला सांगू नका. तिच्याकडे त्यापेक्षा बरी माहिती असते.

तिसरी वाट माणसांची, आणि इथे लोक संकोचतात. ‘तुला किती मिळतं?’ असं विचारायची गरजच नसते. ‘अशा कंपनीत वरिष्ठ विश्लेषकासाठी मी 130 ते 150 धरतेय, तुला हे कमी वाटतं की जास्त?’ असं विचारा. समोरच्याला स्वतःचा पगार उघड करावा लागत नाही, आणि तुमचा आकडा दुरुस्त करणं माणसाला आवडतं. पाच जणांना विचारलंत तर त्यातले तिघं ‘कमी आहे’ म्हणतात की ‘जास्त आहे’, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

चौथी वाट माझी आवडती आहे. ज्या नोकऱ्या तुम्हाला नकोच आहेत त्यांचे फोन येतात ना, ते कापू नका. दोन मिनिटं बोला. ‘मी सध्या या भूमिकेच्या शोधात नाही, पण तुमचं बजेट काय आहे ते सांगितलंत तर माझ्या ओळखीतल्यांना सुचवता येईल,’ असं म्हटलं की बरेच जण बजेट सांगून टाकतात. हा आजचा, खऱ्या पदाचा, खरा आकडा असतो. असे आकडे वहीत टिपून ठेवा, महिन्याभरात चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

या सगळ्यातून तुमच्याकडे एक पट्टा येईल, समजा 130 ते 150. आता स्वतःशी दोन गोष्टी पक्क्या करा. ज्याखाली ही नोकरी घ्यायचीच नाही तो आकडा, आणि जो मिळाला तर मनात किंतू न ठेवता सही कराल तो. पहिला कुणालाही सांगायचा नाही. दुसरा हा तुमच्या बोलण्याचा पाया. बाजार काय म्हणतो याच्याशी पहिल्याचा संबंध असेलच असं नाही. तो तुमच्या घरभाड्यावर, कर्जावर, सध्याची नोकरी किती असह्य झालीय यावर ठरतो, आणि तो फक्त तुम्हालाच माहीत असतो.

आता अर्जातला रकाना. तिथे शब्द लिहिता येत असतील तर ‘भूमिका समजून घेऊन चर्चा करू’ एवढं पुरतं. फक्त अंक चालत असतील तर लोक 0 किंवा 1 टाकतात. आमच्या बाजूला काय दिसतं ते सांगते. उमेदवारांची यादी असते, त्यात नाव, अनुभव, नोटीस पिरियड, अपेक्षित पगार असे स्तंभ. अर्ज थोडे असतील तर 0 बघून रिक्रूटर खांदे उडवते आणि फोन करते. अर्ज शेकड्यांनी आले असतील तर ती बजेटच्या वरच्यांना चाळणी लावते. त्या चाळणीतून 0 निसटतो, पण काही प्रणालींमध्ये वाजवी कक्षेबाहेरचा आकडा आपोआप बाजूला पडतो. बाहेरून तुम्हाला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ओळखीतून किंवा कंपनीतल्या कुणाच्या शिफारशीने गेला असाल तर 0 टाकायला हरकत नाही, कारण तुमचा अर्ज कुणीतरी उघडून बघणारच आहे. थेट अर्ज असेल तर मी खरा आकडा लिहायला सांगते, आपल्या पट्ट्याच्या मध्याच्या किंचित वरचा. वरच्या उदाहरणात 142 ते 145. आणि लिहिताना रकाना वार्षिक मागतोय की मासिक, ते दोनदा बघा. वर्षाच्या रकान्यात महिन्याचा पगार लिहिलेले अर्ज इतके येतात की काही रिक्रूटर मनातच बाराने गुणतात. काही मात्र गुणत नाहीत.

फोनवर मात्र खेळायला जागा असते. ‘जो आधी आकडा बोलेल तो हरला’ असं सगळीकडे सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या आकड्याची ओढ किती असते हे मानसशास्त्रात फार पूर्वी दिसलंय. ट्वर्स्की आणि कानमन यांच्या 1974 च्या लेखातला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांसमोर 0 ते 100 आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारलं की संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल. ज्यांच्यासमोर 10 आला त्यांच्या अंदाजांचा मध्यांक 25 होता, 65 वाल्यांचा 45. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता. वाटाघाटींतही आधी बोललेला आकडा शेवटच्या सौद्याला बोलणाऱ्याच्या बाजूला खेचतो, हे गालिन्स्की आणि मुस्वायलर यांनी 2001 मध्ये दाखवलं. त्यांच्याच अभ्यासात असंही दिसलं की ऐकणारा स्वतःच्या लक्ष्यावर नजर रोखून बसला असेल तर ती ओढ सैल पडते. म्हणजे आधी बोलणं चूक नाही, न समजता आधी बोलणं चूक आहे. पट्टा माहीत असेल तर बेलाशक पहिले बोला, त्यात तुमचा फायदाच आहे. माहीत नसेल तर आधी त्यांना बोलू द्या, आणि तोवर मनात स्वतःचा आकडा घट्ट धरून ठेवा.

विचारायचं कसं, ते शब्दांसकट देते. ‘तुमची अपेक्षा काय?’ असं आलं की म्हणा, ‘भूमिकेची जबाबदारी मला अजून पूर्ण कळलेली नाही. या पदासाठी तुम्ही काय रेंज ठरवलीय ते सांगितलंत तर आपलं जुळतंय की नाही ते आत्ताच कळेल, दोघांचाही वेळ वाचेल.’ आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं जमत नाही लोकांना. दोन सेकंद शांतता झाली की घाबरून स्वतःच पुढे म्हणतात, ‘म्हणजे मला तसं फार काही नको, सध्यापेक्षा थोडं जास्त मिळालं तरी...’ आणि समोरची बाई लिहून घेते.

तिने रेंज सांगितली, समजा 115 ते 140, तर लगेच ‘चालेल’ म्हणू नका आणि नाराजीही दाखवू नका. ‘माझा अनुभव बघता मी त्याच्या वरच्या बाजूला बसेन असं वाटतं, भूमिका समजल्यावर नक्की बोलू,’ एवढंच. तिने ‘बजेट लवचिक आहे, तुम्हीच सांगा’ असं म्हटलं तर एकदा टाळून झालंय, आता सांगायचं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही टाळणारा उमेदवार हुशार वाटत नाही, कटकटीचा वाटतो. माझ्या काळात अशांच्या नावापुढे ‘पगाराबाबत स्पष्ट नाही’ असा शेरा पडायचा, आणि तो शेरा बघून मॅनेजर दुसऱ्या अर्जाकडे वळायचा. टाळायची संधी एकदाच, हा माझा नियम. सगळे सल्लागार याच्याशी सहमत होणार नाहीत.

सांगताना एक आकडा सांगावा की रेंज? तुम्ही ‘130 ते 150’ म्हणालात की ऐकणाऱ्याला 130 ऐकू येतं. तुम्हाला हवे असलेले 140 मधोमध ठेवून दोन्हीकडे दहा-दहा पसरण्यात काही मिळत नाही. एम्स आणि मेसन यांनी 2015 मध्ये रेंजवर अभ्यास केला होता. हवा असलेला आकडा खालच्या टोकाला ठेवून रेंज वर नेली तर ती कामी येते, आणि ताठर वाटत नाही, असं त्यात दिसलं. तेव्हा 140 हवे असतील तर ‘140 ते 155’ म्हणा. आणि त्याला एक कारण जोडा, तेही त्यांच्या कामातलं. ‘तुमच्या जाहिरातीत डॅशबोर्ड बांधण्यासोबत दोन ज्युनिअरना शिकवण्याचं काम आहे, तसं काम मी दोन वर्षं केलंय’ हे कारण झालं. ‘महागाई फार वाढलीय’ हे कारण नाही. खरं असलं तरी नाही.

मग येतो जास्त अवघड प्रश्न, ‘सध्याचा पगार किती आहे?’ काही ठिकाणी हे विचारायलाच बंदी आहे. न्यूयॉर्क शहरात 2017 पासून आणि कॅलिफोर्नियात 2018 पासून मालकाला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही, आणि वर सांगितलेल्या युरोपीय निर्देशातही तशी मनाई आहे. त्यामागचा तर्क तुमच्यासारख्यांचाच आहे, एकदा कमी पगार मिळाला की तो जन्मभर पाठीला चिकटू नये. अशी बंदी नसेल तिथे तुम्ही सांगायला बांधील नाही, पण रिक्रूटर पुढे जायला नकार देऊ शकते. पहिल्यांदा ‘मी या भूमिकेच्या हिशेबाने 140 ते 155 बघतेय’ म्हणून गाडी अपेक्षेकडे वळवा. पुन्हा आग्रह झाला आणि नोकरी हवी असेल तर खरं सांगा. फुगवून कधीही सांगू नका. बऱ्याच कंपन्या शेवटी पगारपत्रकं मागतात, आणि तिथे फरक सापडला तर ऑफर मागे घेतात, कधी रुजू झाल्यावरसुद्धा काढतात. पण खरं सांगणं म्हणजे नुसता आकडा हातात देणं असंही नाही. ‘सध्या 100 वर आहे. तीन वर्षांपूर्वी विश्लेषक म्हणून आले तेव्हाचा तो पाया आहे. आज माझं काम वरिष्ठ पातळीचं आहे, नोकरी बदलण्याचं एक कारण तेच आहे.’ एवढं एका दमात बोललात तर तो 100 तुमची किंमत न राहता तुमच्या निघण्याचं कारण होतो.

इथे पॅकेजबद्दल सांगायलाच हवं, कारण अर्धे घोटाळे आकड्यात नसून तो आकडा कशाचा आहे त्यात असतात. रिक्रूटर 140 म्हणाली, तर ते ग्रॉस की हातात येणारे? त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, किती? व्हेरिएबल असेल तर ते ‘मिळू शकणारं’ आहे, मिळालेलं नाही. समजा, तुमच्यासमोर दोन ऑफर आहेत. एकीत 110 फिक्स्ड (नक्की मिळणारे) आणि 40 व्हेरिएबल, म्हणजे कागदावर 150. दुसरीत 135 फिक्स्ड आणि 5 व्हेरिएबल, म्हणजे 140. पहिल्या कंपनीने गेल्या वर्षी व्हेरिएबलचे निम्मेच दिले असतील तर तुमच्या हातात 130 पडतात, आणि दुसरीने काहीच दिलं नाही तरी 135. ‘मागच्या दोन वर्षांत या टीमला व्हेरिएबल किती टक्के मिळालं?’ हा प्रश्न पूर्णपणे विचारण्याजोगा आहे, आणि त्याचं उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच. शेअर मिळणार असतील तर ते किती वर्षांत हातात येतात ते बघा. चार वर्षांची मुदत आणि पहिल्या वर्षात काहीच नाही, ही मांडणी सर्रास दिसते. रुजू होतानाचा बोनस एकदाच मिळतो आणि लवकर सोडलंत तर सहसा परत द्यावा लागतो. तो पगारात मिसळून 150 चे 160 करून दाखवत असतील तर मनातून वजा करा. अपेक्षा सांगतानाही ‘140 ते 155 फिक्स्ड’ असा शब्द जोडायला विसरू नका. नंतर तो जोडता येत नाही.

परिस्थिती बदलली की हे सगळं थोडं थोडं बदलतं. हातात नोकरी नसेल तर बोलण्याची पद्धत तीच ठेवा, पण आपला खालचा आकडा प्रामाणिकपणे खाली आणा आणि टाळण्याचा ताण फार वाढवू नका. क्षेत्र बदलत असाल तर सात वर्षांच्या अनुभवाची किंमत सात वर्षांची लागणार नाही, तिथे पगारापेक्षा पदाची पातळी मागून घ्या. ठरलेल्या वेतनश्रेणीत भरती होत असेल तर घासाघीस आकड्यावर नसते, तुमची किती वर्षं मोजली जातात आणि कोणत्या टप्प्यावर बसवतात यावर असते. लहान कंपनीत मालकच मुलाखत घेत असतील तर बँड वगैरे काही नसतो. तिथे ‘रेंज काय ठरवलीय?’ या प्रश्नाला बहुतेकदा ‘तुम्ही बोला’ हेच उत्तर येतं, म्हणून तयारी करून थेट बोलावं.

मध्ये भरती करून देणारी एजन्सी असेल तर एक लक्षात ठेवा. तिला मोबदला साधारणपणे तुमच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत मिळतो, म्हणून तुमचा पगार वाढवण्यात तिचाही फायदा आहे असं वाटतं. पण 140 चे 148 झाल्याने तिला मिळणारी वाढ किरकोळ असते, आणि त्या नादात सौदा फिसकटला तर सगळंच जातं. ‘एवढ्यावर हो म्हणा’ असा तिचा सल्ला त्या नजरेने ऐका.

आणि एक अप्रिय गोष्ट. बोल्स, बॅबकॉक आणि लाय यांच्या 2007 च्या अभ्यासात पगारासाठी घासाघीस करणाऱ्या स्त्रियांकडे पुरुषांपेक्षा जास्त नापसंतीने पाहिलं गेल्याचं दिसलं. मी टेबलाच्या त्या बाजूला बसून हे ऐकलंय, ‘जरा जास्तच हिशेबी वाटते’ असं. पुरुष उमेदवाराबद्दल तेच वाक्य कुणी बोललेलं मला आठवत नाही. त्यावर गप्प बसणं हा उपाय नाही. मागणी कामाला आणि टीमला जोडून मांडली की ती जास्त सहज ऐकली जाते, हे अनुभवाने सांगते. हा अन्याय तुम्हाला सांभाळून घ्यावा लागतो, हे मला स्वतःला पटत नाही, तरी सांगते.

ऑफर लेखी आली आणि तुम्ही अजून ‘हो’ म्हटलेलं नाही, या मधल्या दिवसांत तुमची बाजू सगळ्यात मजबूत असते. त्यांनी बाकीच्यांना थांबवलेलं असतं, मॅनेजरला माणूस हवा असतो. जे मागायचं ते तेव्हाच आणि एकदाच, सगळं मिळून मागा. आज पगार, उद्या रुजू होण्याची तारीख, परवा घरून कामाचे दिवस असं सुटं सुटं मागत गेलात तर प्रत्येक वेळी रिक्रूटरला आत जाऊन मंजुरी आणावी लागते, आणि तिसऱ्या वेळी ती तुमची वकिली करणं सोडून देते.

आता तुम्ही आधीच भरून बसलेल्या त्या 120 कडे येऊ. तो आकडा बंधनकारक नाही. अर्जातला आकडा म्हणजे करार नव्हे, आणि भूमिका समजल्यावर अपेक्षा बदलणं यात अप्रामाणिक काही नाही. पण तो गुपचूप बदलता येत नाही, कारण त्यांच्या स्तंभात तो लिहिलेला आहे. चार फेऱ्या संपून ऑफर तयार होत असताना एकदम 145 म्हणालात तर मॅनेजरला फसवल्यासारखं वाटेल, आणि ते चुकीचंही नाही. म्हणून पहिल्याच फोनवर, त्यांनी विषय काढायच्या आत, तुम्ही काढा. ‘अर्ज भरताना मी अपेक्षित पगारात 120 लिहिलं होतं. तेव्हा भूमिकेची माहिती फक्त जाहिरातीपुरती होती आणि मी सध्याच्या पगारावरून अंदाज बांधला होता. या पातळीच्या कामाची चौकशी केल्यावर माझी अपेक्षा 140 ते 155 फिक्स्ड अशी आहे. तुमच्या बजेटमध्ये बसत असेल तर पुढे जाऊ.’ त्यांचं बजेट खरंच 120 चं असेल तर हे संभाषण तिथेच संपेल, आणि तुम्ही चार फेऱ्यांच्या सुट्ट्या वाचवल्या असतील. ‘ठीक आहे, नोंद बदलते’ असं उत्तर आलं तर तिला विनंती करा की बदललेला आकडा मॅनेजरलाही कळवा. तो फोन ठेवल्यावर दोन ओळींची मेल पाठवून ठेवा, ‘आपल्या बोलण्याप्रमाणे माझी अपेक्षा 140 ते 155 फिक्स्ड’. रिक्रूटर बदलतात, आणि नव्या रिक्रूटरला आधी दिसतो तो अर्जातला 120 च.